टाकणखार

दुपारी अडीचला, लाइट गेलेली,
संबोधी खिल्लारे दुकानाच्या पायरीवर उभी राहिली
आणि म्हणाली, काका, बोरॅक्स हाय का?

मेडिकलवर बघ, म्हटलं.
मेडिकलवाल्यानं कॅरमची पावडर दिलेली,
तिची काल नुसती खीर झाली म्हणे.
तिनं वहीतला कागद पुढं केला.
कऱ्हाळे मॅडमचं अक्षर:
सवागी किंवा टाकणखार, सोनाराकडे मिळेल.

सोनाराकडे मिळेल.
वसमतच्या या गल्लीत कितीक वर्षांत
असं कुणी कुणाला लिहून दिलेलं नाही.
डागिने नांदेडहून येतात, मखमली डबीसकट.
माझ्याकडं येतात झिजलेली जोडवी,
पैंजणाचा निसटलेला आकडा
आणि भाव विचारून जाणारे.

डबी काढली. पीठ लागल्यासारखे पांढरे खडे.
खलात दोन ठोके दिले.
कशाला लागतंय?
स्लाइम करायचाय.
स्लाइम म्हणजे?
तिनं जरा विचार केला.
शेंबूड, म्हणाली, पण चांगला.

मग इथंच करून दाखव.
गिऱ्हाईक नव्हतंच कुणी.
फेव्हिकॉल तिच्या दप्तरात, पाणी माझ्या माठातलं,
वाटी रिठे भिजवायची, घासून घेतलेली.
रंगासाठी तिनं कागदाची पुडी उलगडली. हळद.
आमच्या गावात दुसरा रंग कुठून आणणार,
मोंढ्याकडून वारा सुटला तरी सदऱ्यावर बसते.

ढवळता ढवळता मला शिकवू लागली.
गोंदात साखळ्या असतात काका, लांबच्या लांब,
एकमेकींवरून घसरत राहतात, म्हणून तो वाहतो.
टाकणखार जाऊन मधेमधे कड्या अडकवतो.
कडी म्हटल्यावर मी चष्मा लावला.
चाळीस वर्षं डाख देताना टाकणखार लावतोय.
तो लावला की सोनं सोन्याला धरतं.
का धरतं, ते वडलांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
ही सातवीत आहे.

तिनं चमच्यानं टाकणखाराचं पाणी सोडलं
आणि पिवळं गेलं.
विटकरी, मग तांबडं, मग आणखी तांबडं.
काका, बिघडलं! ती हात मागं घेत म्हणाली.

हा तांबडा मला ओळखीचा.
आई हळकुंडाला लिंबू आणि टाकणखार लावून
कुंकू करायची, मापट्यानं विकायची बाजारात.
अण्णा गेल्यावरही अकरा वर्षं करत राहिली,
कोपरापर्यंत हात लाल
आणि कपाळ मोकळं.

हे मी तिला सांगितलं नाही.
बिघडलं नाही गं, म्हटलं, मॅडमला विचार असं का झालं,
आणि मलाही येऊन सांग.

तोवर वाटीत गोळा धरला होता.
हळू ओढला की जंतरातून तार यावी तसा लांबत जाई,
झटका दिला की मोडे, कात्रीनं कापल्यासारखा.
मीही ओढून बघितला.
परत बघितला.
सडकेवरून जाणारा केळीवाला थांबून हसला,
हसू दे.

तोंडात घालायचं नाही, दटावलं तिला,
हात साबणानं धू, डोळ्याला लावू नको.
वर्गासाठी पाच ग्रॅम दिला, सोन्याच्या काट्यावर,
वाऱ्यानं हलू नये म्हणून काचेची दारं लावून.
किती झाले? तिनं विचारलं.
मला दर माहीतच नव्हता.

दिवेलागणीला बघतो तर
तिचा एक तुकडा कामाच्या पाटावर राहिलेला,
सपाट होत होत कडेपर्यंत आलेला.
उचलला. पाटाच्या फटीत झारेकऱ्यालाही न सापडलेलं
काहीबाही त्याच्यासोबत वर आलं.
बल्बखाली धरला.
तीन कण, चार. सोनं असेल, पितळ असेल.
काट्यावर घातला नाही.

तसाच टाकणखाराच्या डबीशेजारी झाकून ठेवलाय.
शनिवारी अर्धी शाळा असते,
ती येईल.